हाडावरचा सरस

निअँडरथल, म्हणजे युरोपात आपल्या आधी राहणारी ती दणकट माणसं, संपली कधी आणि आपल्यासारखी तिथे पोचली कधी, हे हाडांच्या वयावरून ठरवायचं, हे माझं काम. आठवडाभर पुण्याच्या प्रयोगशाळेत, शनिवारी कळंबोलीला उतरून ओवे गावात आईबाबांकडे.

माझ्या वाट्याला युरोपातल्या एका गुहेतलं निअँडरथलचं हाड आलं होतं. हाड कसलं, तिथल्या संग्रहालयाने चिमूटभर पूड पाठवली होती. तिचं वय असं निघालं, की आपली माणसं तिथे आल्यावरही हा गडी जिवंत असावा. म्हणजे दोघं शेजारी! माझा अख्खा प्रबंध या एका आकड्यावर उभा होता. बाबांनी तर देवळाच्या कट्ट्यावर दवंडीच पिटली. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, कार्बन-बिर्बन काही ठाऊक नाही, पण लेकीच्या शोधाचा तोरा केवढा!

मग एका रविवारी, प्रबंधात छापायला म्हणून त्या हाडाचा फोटो आला. मी लॅपटॉपवर मोठा करून बघत होते. बाबा चहा घेऊन मागे उभे होते.

"बाय, याला सरस लावलाय," हाडावरच्या पिवळट चकाकीकडे बोट दाखवत ते म्हणाले.

मी भडकले. चाळीस हजार वर्षांचं हाड आहे, तुमचं कपाट नाही, असं फाडकन बोलून गेले. ते चहा ठेवून बाहेर गेले. मी फोटो पुन्हा मोठा केला. सरस बनतो जनावरांच्या हाडाकातड्यापासून. जुन्या हाडात असा नवा कार्बन जरासा जरी मिसळला, तरी ते हजारो वर्षांनी तरुण दिसतं. आणि मी ते हाड डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

संग्रहालयाला विचारलं. जुन्या वहीत नोंद सापडली, तडकू नये म्हणून हाडाला सरस दिला होता. मग हाडाच्या पार आतली पूड मागवली. नवा आकडा आला आणि शेजार मोडला. आपली माणसं पोचायच्या कितीतरी आधीच तो गेला होता. गाईड मॅडमना मीच कळवलं. प्रबंध वर्षभर लांबला. रडले, खोटं कशाला बोलू. पण तिथली बाकीची हाडंही पुन्हा तपासायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडेच आलं. त्या दिवशी पोटभर जेवले.

शनिवारी घरी जाऊन बाबांना सांगितलं. कट्ट्यावर त्यांची काय शोभा होणार! त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शर्ट चढवला आणि "चल" म्हणाले.

कट्ट्यावर चारजण बसले होते. बाबांनी उभ्यानेच सांगून टाकलं, "मी बोललो व्हतो ना, ते शेजारी व्हते? ता खरा नाय. माझे पोरीनंच शोधून काढला."

सरस कुणी ओळखला, याबद्दल चकार शब्द नाही. वर मलाच म्हणाले, चल आता घरी.

मी हलले नाही. "चूक बाबांनी पकडली," मी म्हणाले. "आणि मी त्यांच्यावरच ओरडले होते. माझं चुकलं."

हे मी बाबांना तोवर घरातही म्हटलं नव्हतं.