क्षमा झाली की नाही, हे मला कळेना

“मास्तर, दुखते खांद्यात हे खरे, पण रोग खांद्यात नाही,” असे म्हणून धुळ्याच्या इस्पितळातील डॉक्टरांनी माझ्या उजव्या बरगड्यांखाली दोन बोटे दाबली, आणि मी शाळामास्तराला न शोभेल असा ओरडलो. ते म्हणाले, “हा लिव्हर ॲब्सेस आहे.”

लिव्हर म्हणजे यकृत व ॲब्सेस म्हणजे गळू. आवेच्या विकाराचे जंतू आतड्यातून रक्तावाटे यकृतात शिरतात आणि तेथे पू साठवतात. यकृतावरच्या पडद्याच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेत एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे कळ भलत्या जागी उमटते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मी पाच आठवडे खांद्याला तिळाचे तेल चोळून घेत होतो. वाचकांपैकी कोणाला संध्याकाळी थंडी वाजून ताप येत असेल, पहाटे घाम सुटत असेल, उजवा खांदा दुखत असेल आणि मागे कधी आव झाली असेल, तर त्याने तेल चोळण्यात दिवस घालवू नयेत.

उपाय दोन होते. पहिला, एमेटीन नावाच्या औषधाची रोज एक सुई. या औषधाने हृदय दुबळे होते, म्हणून रोग्याने उठून बसायचेदेखील नाही. दुसरा उपाय ॲस्पिरेशन, म्हणजे जाड पोकळ सुई बरगड्यांमधून यकृतात घालून पू ओढून काढणे. चार दिवस एमेटीन द्यावे आणि पाचव्या दिवशी पू काढावा, असे ठरले.

“पू आतल्या आत पोटात सांडला तर?” मी विचारले.

“मग मला घाई करावी लागेल. घरच्या माणसाला बोलावून घ्या.”

माझी पत्नी चाळीसगावी दहा दिवसांची बाळंतीण होती. मी तिला कळवले, तर तिने मला न विचारता तार केली, ती नेमकी माझ्या थोरल्या भावाला. साक्रीजवळच्या आमच्या गावी तो शेती करीत असे. आम्ही तीन वर्षे एकमेकांशी बोललो नव्हतो.

कारण सांगणे भाग आहे. आमच्या घरात आई आणि मी कॅथलिक झालो, भाऊ वडिलांच्या रीतीनेच राहिला. त्यावरून घरात कधी कलह झाला नाही, सर्वांची भाकर एकाच तव्यावर भाजली जाई. पण आई वारली तेव्हा भाऊने धर्मगुरूंना बोलावले नाही. मरणोन्मुख माणसाला जे पवित्र तेल लावतात, ते तिला मिळाले नाही. आमच्या धर्मसभेला दहन मान्य नसताना त्याने तिला अग्नी दिला. मला पत्र पोचले चौथ्या दिवशी. उत्तरादाखल मी एकच वाक्य लिहून पाठवले, “आजपासून मला भाऊ नाही.”

एमेटीन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तो काखेत बोचके घेऊन वॉर्डात आला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला.

“कितला वाळी गया रे तू!”

मी भिंतीकडे तोंड केले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हे चमत्कारिक वाटले असावे. त्याला भाऊ म्हणाला, “मना भाऊ मास्तर शे, आबा. त्याले बोलाना पगार भेटस. फुकट नही बोलत तो.”

म्हातारा खो खो हसला. मी हसलो नाही.

मला उठण्याची मनाई असल्यामुळे माझा सारा देह भाऊच्या हाती गेला. तो पाठ पुसे, कूस बदलवी, साबुदाण्याची पेज चमच्याने भरवी. जो आपली पाठ पुसतो त्याच्यावर राग धरून राहणे अवघड आहे. मी ते साधले.

त्याच संध्याकाळी फादर भेटीस आले. पू काढण्याची सुई टोचण्यापूर्वी त्यांच्यापुढे पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादर जिभेवर ठेवतात ती पवित्र भाकर, घ्यावा, अशी माझी इच्छा होती. चांगल्या पापनिवेदनाच्या पाच पायऱ्या मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेत आलो आहे. माझी तयारी लेखी होती. निजल्या निजल्या पेन्सिलीने मी नऊ कलमे लिहिली होती. भाऊ बाहेर पाणी आणायला गेलेला पाहून मी ती हळू आवाजात वाचू लागलो. पाचव्या कलमाला फादरांनी हात वर केला.

“मास्तर, हे तुमच्या भावाचे पापनिवेदन झाले. फार नेटके झाले. तो स्वतः आला तर ऐकेन. तुमचे काय?”

मी कागदाकडे पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते. नऊच्या नऊ कलमांत कर्ता भाऊच होता.

“त्याला क्षमा करता येत नाही, हे माझे.”

“येत नाही, की करायची नाही?”

“कळत नाही, फादर. मनात क्षमा वाटत नाही.”

“वाटते का, असे मी विचारले नाही. आपण वर्गात काय शिकवता?”

क्षमा ही इच्छेची क्रिया आहे, भावनेची नाही, असे मी वर्गात शिकवतो. हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण देतो. त्या क्षणी ते वाक्य मला दुसऱ्या कोणाच्या घराच्या किल्लीसारखे वाटले. काखेत थर्मामीटर धरला की तापाचा आकडा कळतो. इच्छा आहे की नाही, हे कोठे पाहावे?

“मग ‘कळत नाही’ एवढेच देवाला सांगा,” फादर म्हणाले. “मी उद्या संध्याकाळी येतो. सुई परवा ना?”

म्हणजे माझ्या हाती एक दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाक्य तयार केले आणि भाऊ पेज ढवळत असता म्हटले, “आईच्या बाबतीत तू जे केलेस, त्याची मी तुला क्षमा करतो.”

त्याचा हात थांबला. “कसानी क्षमा?”

मी त्याला नऊ कलमे वाचून दाखवली. त्याने सर्व ऐकून घेतले आणि वाटी खाली ठेवली.

“मी तुले दोन कागद लिखी लिसन धाडात. ‘माय खाटवर पडेल शे, लवकर ये.’ तुनं कार्ड उनं. काय लिखेल व्हतं त्यामा? सांग ना, मास्तर.”

मला कार्ड शब्दशः आठवले. शाळातपासणी आठवड्यावर आली आहे, ती आटोपताच निघतो. तोवर पुढील गोष्टी कराव्यात, असे लिहून मी सूचनांना क्रमांक घातले होते. एक, पेज द्यावी. दोन, पाणी उकळून द्यावे. तीन, वाऱ्यात निजवू नये. चार, फादरांना कळवावे. कोठे कळवावे, हे लिहिले नव्हते. फादर त्या दिवसांत गावोगाव फिरतीवर असत, त्यांचा मुक्काम मला ठाऊक होता आणि भाऊला नव्हता. शिवाय भाऊला वाचता येत नाही, हे मी जाणत होतो.

“ते कार्ड वाची लेवाले मी तीन कोस गऊ,” तो म्हणाला. “तठे बी कोनले ठाऊक नही, तुना फादर कोठे शे. माय म्हने, प्रार्थना म्हन. माले काय येस? ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’, इतलंच येस. ती गयी तवलोंग तेच म्हनत बसनू. आन जाळी कसाले, इचारस? चैतना उन्हाळा. माले दुसरं काय येस?”

नऊपैकी किती कलमे पडली, हे मी लगेच मोजू लागलो, कारण माझी सवयच तशी आहे. चार सरळ पडली. तीन कलमांचा निर्णय लागेना. दोन तशीच उभी होती. साक्रीहून मला तार का केली नाही? निदान अग्नी देण्याआधी कोणा ख्रिस्ती माणसाला का विचारले नाही? ज्याला क्षमा करायला मी बसलो होतो, त्याच्यापुढे अपराधी मीच ठरत होतो. पण त्यामुळे तोही निर्दोष ठरत नव्हता. कोणी कोणाला क्षमा करायची, हेच मला उमजेना. शेवटी उमजण्याची वाट न पाहता मी बोलून टाकले, “भाऊ, मला माफ कर.”

“एकच दिनमा क्षमा दी बी आन मांगी बी!” तो म्हणाला. “आते उगा पड. डागतरनी बोलू नको सांगेल शे. पेज थंडी व्हयी राहिनी.”

माफ केले, असे तो म्हणाला नाही. आजवर म्हणालेला नाही.

संध्याकाळी मी फादरांना सर्व सांगितले, या वेळी कागदावाचून. “मी क्षमा केली की नाही, ठाऊक नाही. करायची आहे, एवढे ठाऊक आहे.” ते म्हणाले, “पुरे,” आणि त्यांनी मला पापमुक्ती दिली. आईच्या उशाशी म्हटलेली ती एक ओळ पुरली असेल का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, “मास्तर, हा पेपर तपासायला आपल्याकडे आलेला नाही.” वॉर्डात त्या सायंकाळी ड्रेसिंगची गर्दी होती, म्हणून ख्रिस्तप्रसाद सुईनंतर आणण्याचे ठरले. त्याने मी अस्वस्थ झालो. पण पापमुक्ती मिळाली आहे, असे स्वतःला बजावत राहिलो.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बरगड्यांजवळची जागा औषधाने बधिर केली. “श्वास धरा. सोडा म्हणेन तेव्हा सोडा.” दाब जाणवला, वेदना थोडी. काचेच्या बरणीत विटकरी रंगाचा, काकवीसारखा दाट पू उतरू लागला. भाऊ दाराशी उभा होता. बरणी पाऊण भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता घाई नाही.” त्या संध्याकाळी थंडी वाजली नाही.

क्षमेनंतर आनंद होतो, असे मी प्रवचनांत ऐकले होते. मला आनंद झाला नाही, झोप आली. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की, आधी आनंद वाटेल आणि मग क्षमा करू, असा क्रम धरू नये. तो क्रम मी तीन वर्षे धरला होता. ती दोन कलमे अजूनही एखाद्या सकाळी उभी राहतात. मग मी पुन्हा ‘करायची आहे’ असे म्हणतो. यापेक्षा स्पष्ट मला काही शिकवता येत नाही. त्या डॉक्टरांचा, त्या फादरांचा आणि मला न विचारता तार करणाऱ्या माझ्या पत्नीचा मी ऋणी आहे.

आनंद आला तो सुईनंतर तीन दिवसांनी, आणि त्याने माझी पंचाईत केली. सकाळी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन यायचे होते. प्रसादापूर्वीचा उपवास मोडू नये म्हणून मी नुसती चूळ भरली, आणि भाऊने ती तस्तात झेलली. इतक्यात प्रसादापुढे वाजवतात ती घंटी वाजली व फादर आत आले. वॉर्डातील दोन ख्रिस्ती रोग्यांनी हात जोडले. भाऊला वाटले, आता हलणे म्हणजे अवमान. त्याने एका हाताने पागोटे काढून काखेत धरले, दुसऱ्या हातात चुळीचे तस्त तसेच ठेवले आणि तो शाळेतल्या पहिल्या रांगेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला. सर्वांनी मस्तक लववले. त्यानेही लववले, कमरेपासून. तस्तातले पाणी फादरांच्या बुटांवर सांडले.

फादरांनी बुटांकडे पाहिले. भाऊनेही पाहिले.

माझ्या पोटातून हसू उसळले. कूस दुखली, तरी ते थांबेना.

“हसू नको रे!” भाऊ घाबरून कुजबुजला. “भोक पाडेल शे तुले!”

त्यावर मी अधिकच हसलो. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पवित्र क्षणी हसणे हे पाप की काय, हा प्रश्न मनात आला आणि उत्तर न मिळताच निघून गेला. भाऊच्या ओठांचे कोपरेही हलू लागले होते.

फादर थांबले. भाऊने तस्त खाली ठेवले नाही. मी डोळे पुसले, हसू आवरले आणि तोंड उघडले.