सईचा उजवा हात

इस्लामपूरच्या स्टँडवर मिरजेची एसटी सुटेपर्यंत आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीखाली उभ्या होत्या. माझी एक वर्षाची सई मांडीवर. हे फौजेत, लांब. "लवकर या गं घरी," एवढंच आत्या म्हणाल्या, तेही माझ्याकडं न बघता. मी नात तोडून नेतेय असंच त्यांना वाटत होतं.

सगळं सुरू झालं उष्टावणाला. पोरापुढं पेन, विळा, दागिना मांडायचा. ज्याला हात घालेल तो त्याचा पुढचा धंदा. सईनं सगळं डाव्या हातानंच ओढलं. पोरगी डावरी निघाली म्हणून पाहुणे हसले. आत्यांना ते कसं चालावं? डाव्या हातानं घास म्हणजे अन्नाचा अपमान. खोड मोडायला त्यांनी लुगड्याची पिशवी शिवून तिच्या डाव्या हातावर बांधली. सई रडरड रडली, पण उजवी मूठ काही उघडली नाही. मी पिशवी सोडली आणि तिला दवाखान्यात दाखवायला नेलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढला. जन्माच्या आसपास मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. स्ट्रोक. एवढ्या लहान वयात डावं-उजवं ठरतच नाही, म्हणाले. एकच हात चालत असेल तर दुसऱ्याकडं बघायचं. अंगावरनं वारं जातं ते म्हाताऱ्यांच्या, एवढंच आम्हाला ठाऊक. आत्यांनी लगेच पोटुशी असताना गिरानात, म्हणजे ग्रहणात, मी भाजी चिरल्याचं काढलं. आईच्या कशानंही हे झालेलं नाही, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं आणि मी तिथंच रडले.

रोजचे व्यायाम गावातनं जमेनात, म्हणून मिरजेत खोली घेतली. गंमत बघा, थेरपिस्ट बाईंनीही डाव्याच हातावर मोजा चढवला. पण थोडाच वेळ, खेळवत, उजव्याला जाग यावी म्हणून.

आता सई बालवाडीत जाते. बोलते लय, त्यात माझ्यावर गेलीय. उजव्या हातानं ताट धरते, चिमूट मात्र जमत नाही, चालताना पाय जरा ओढते. पुढं अभ्यासात काय अडेल, फिट येतील का, कुणीच छातीठोक सांगत नाही. हाताला बांधायची स्प्लिंट, ओपीडी, फॉलोअप हे शब्द माझ्या तोंडात बसले आणि ऊसतोड कधी आली-गेली ते कळेनासं झालं. गावी जायचं मी टाळायचीच. पोरीकडं रोखून बघणाऱ्या बायकांना किती उत्तरं द्यायची?

परवा गावात शेजारच्या सत्यनारायणाला मात्र जावं लागलं. प्रसादाला सईनं डावा हात पुढं केला. वाढणारी बाई थांबली, उजवा कर म्हणाली. सईनं माझ्याकडं बघितलं. शेजारी आत्या बसलेल्या. देवाचं त्यांनी जन्मात कधी डाव्या हातात घेतलं नव्हतं. त्यांनी स्वतःचा डावा तळवा सईच्या हाताला लावून पुढं धरला.

"आमच्यात असाच घेत्यात. वाढ."

मिरजेची खोली मी सोडणार नाही, व्यायाम अजून सरले नाहीत. पण घर कुठं असं कुणी विचारलं, तर आता मी गावाचं नाव सांगते.