एकोणचाळिसावा मतदार

जर्मनीत र्युसेल्सहाइममधल्या एका प्रयोगशाळेत नागेश मतदान यंत्रं तपासायचा. यंत्रं परदेशातल्या निवडणुकांची. जर्मनी स्वतः अजून कागदावरच फुली मारते, पण दुसऱ्यांच्या यंत्रांना पसंतीचा शिक्का द्यायला तिची ना नाही. नागेश कामात इतका काटेकोर की साहेबांना तो डोईजड व्हायचा.

या महिन्यात मात्र त्याचं धाबं दणाणलं होतं. तीस तारखेला कंत्राट संपत होतं. हे यंत्र पास झालं तरच ते वाढणार होतं. नाही वाढलं, तर व्हिसाच्या नियमानं तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर बायको-मुलीसकट गाशा गुंडाळायचा. चाळीस अर्ज केले होते, सगळीकडून नकार.

चाचणीला यंत्र कधीच न पाहिलेली म्हातारी माणसं लागत. एक आजी ऐनवेळी आल्या नाहीत, म्हणून नागेशनं पुण्याहून आलेल्या वडिलांना बसवलं. भास्कररावांचे हात थरथरत. मतदान म्हणजे मानाचं काम, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तिसऱ्या नावावर बोट ठेवलं की थरथरीनं ते दोनदा लागे, दुसऱ्यांदा खालच्या नावावर, आणि मत चौथ्याला जाई. तीनदा तेच झालं.

"बाकी अडतीस जणांचं बरोबर आलं ना?" त्याच्या साहेब केलरबाई म्हणाल्या. "मग तुमच्या वडिलांना 'चाचणीस अपात्र' लिहा. खाली त्यांची सही घ्या."

"पण हात थरथरणारी माणसं त्या देशातही असतील!"

"हो, असतील. आणि तुमचं कंत्राट तीस तारखेला संपतंय."

नागेशला मुलीची, अन्वीची शाळा आठवली, ते चाळीस नकार आठवले. त्यानं 'अपात्र'वर खूण केली. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात वाटली नव्हती.

भास्करराव बाहेरच्या बाकावर बसले होते.

"नाना, इथं सही करा."

"काय लिहिलंय रे? मला ही भाषा कुठली यायला."

"तुम्ही मत दिलंत, असं."

"म्हणजे लागलं का शेवटी बरोबर? मला वाटलं, माझ्यामुळं तुझं काम बिघडलं."

"नाही नाना. बरोबर लागलं."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी एकेक अक्षर काढलं. पुरती दोन मिनिटं लागली. नागेश कागद धरून उभा होता, तो हलू नये म्हणून.

"सांग तुझ्या बाईंना," नाना म्हणाले, "पुढच्या वेळीही बोलवा म्हणावं."