कोपऱ्यावरून चौथं घर

दोह्याच्या मदिनत खलीफा भागातले अच्युतराव करंदीकर शहराच्या इतिहासावरचं एकही व्याख्यान चुकवत नसत. तेहतीस वर्षं त्यांनी तिथल्या नगरपालिकेत ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, पण सभागृहात बसायचे ते कायम मागच्या रांगेत. प्रश्न विचारणं त्यांच्या जिवावर यायचं.

परवा पडद्यावर एका जुन्या वस्तीचा नकाशा आला. रस्त्यासाठी पाडलेल्या घरांवर तांबड्या रेघा होत्या. "इथे कोण राहायचं, याची नोंद नाही," वक्ता बेधडक म्हणाला. अहो, नोंद कशी नाही? अच्युतराव ताडकन उठले. शेजारी बसलेली त्यांची लेक नुपूर चपापली. बाबा आता भांडणार!

"हा नकाशा जरा पडद्यावर राहू द्या," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले.

"कोपऱ्यावरून चौथं घर बघ," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "तुझी आई लग्न होऊन आली ती तिथे. त्या घराचा फोटो काढायचा राहूनच गेला."

आईला जाऊन वर्ष झालं होतं. नुपूरने पडद्यावर ते घर शोधलं. मग तिने हळूच विचारलं, "आणि ही रेघ?"

"मीच मारली. त्या दिवशी घरी आलो, तर ती खिडक्यांना पडदे शिवत होती. मी काही बोललो नाही. शिवू दिले."