बसलेली म्हैस

"डाक्टर, काल ही उभी व्हती. तुमी औषध पाजलंत नि आज बसली." हिराबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

पनवेलजवळच्या खाडीकाठचं गाव. म्हैस मान कुशीवर टाकून पडली होती. कान गार. डोळे अर्धे मिटलेले.

पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. मी नवा व्हेटरनरी डॉक्टर होतो. त्या भागातल्या गुरांना लिव्हर फ्लूक फार. हा पानासारखा चपटा किडा. डबक्यातल्या गोगलगायीतून गवतावर येतो, गवताबरोबर पोटात जातो आणि यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत ठाण मांडतो. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबते. त्यावरच्या हेक्झाक्लोरोइथेन या औषधाची आमची ट्रायल चालू होती. किडा मरतो का आणि म्हैस ते सोसते का, दोन्ही पाहायचं होतं.

ट्रायल चालवणारे माझे वरिष्ठ, साहेब, सोबत होते. "डोस वजनाप्रमाणेच?"

"हो सर. पण हिचं लिव्हर आधीच पोखरलेलं असणार."

"मग औषधानं रक्तातलं कॅल्शियम घसरलंय. तेच दे. शिरेतून, अगदी सावकाश. घाई केलीस तर हृदय थांबेल."

व्यायल्यावर बसणाऱ्या म्हशींना देतात तेच हे इंजेक्शन. हिराबाईंनी म्हशीचं डोकं मांडीवर घेतलं. मी मानेच्या शिरेत सुई घातली. साहेब म्हशीच्या छातीला कान लावून बसले.

"माजी पोरं हिच्याच दुधावर हायत," हिराबाई हळूच म्हणाल्या.

बाटली अर्धी झाली आणि म्हशीच्या कातडीवरून एक थरथर गेली. मग मोठी ढेकर. तिनं शेण टाकलं. मान सरळ झाली. तिनं आधी मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि ती उभी राहिली. हिराबाईंनी तिला हात जोडले. मी शिकलो होतो की असं होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला.

पुढे शेण तपासलं तर किड्याची अंडी होतीच. मी खचलो.

"पित्ताशयातली जुनी अंडी उतरतायत. थांब जरा," साहेब म्हणाले.

काही आठवड्यांनी शेणाची नवी स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. पुन्हा घेतली. एकही अंडं नाही. त्या रिकाम्या काचेकडे मी कितीतरी वेळ पाहत बसलो. जबड्याखालची सूजही उतरली होती.

साहेबांनी निष्कर्ष लिहिला : औषध गुणकारी. खंगलेल्या जनावराला डोस दोन दिवसांत विभागून द्यावा. खाली त्यांनी माझ्यासाठी पेन्सिलीनं जोडलं : कॅल्शियमची बाटली आधी पिशवीत, मग डॉक्टर गोठ्यात.