कोहळ्यावरचं विषुववृत्त

आम्ही जुने भूगोलवाले जमलो की एक किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू होतो, आणि घरचे हळूच उठून आत जातात. त्यांचे सगळे ऐकून झालेत. तुमचे व्हायचेत, तेव्हा बसा!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्याच्या कॉलेजात माझा मुख्य विषय मराठी, बपेऱ्याच्या नामदेवचा इतिहास. भूगोल आम्ही नुसता जोडीला घेतलेला. प्राचार्य म्हणायचे, "जोड विषय म्हणजे पानातलं लोणचं!"

एकदा स्टाफरूममध्ये आमचे भूगोलाचे सर शांतपणे म्हणाले, "खरंय. पण लोणचं वाढायचं राहिलं, की पहिली हाक तुमचीच येते!"

स्टाफरूम हसली, प्राचार्य हसले नाहीत. यंदा बाहेरच्या परीक्षकांचा शेरा वाईट आला तर पुढल्या वर्षी भूगोल बंद, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

*

कॉलेजात पृथ्वीचा गोल नव्हता. सरांनी बाजारातून चांगलं गोल कोहळं आणलं आणि त्यावर खडूने अक्षांश-रेखांश काढले. नामदेव ते अभ्यासाला खोलीवर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हात हलवत आला. खोलीतल्या पोरांनी पृथ्वीची भाजी केली होती!

सर कळवळले, "अरे, निदान विषुववृत्त तरी वाचवायचं!"

"सर, कापलं तिथूनच ना!"

*

नामदेवचं गाव बपेरा मध्यप्रदेशच्या सीमेवर. सरांनी नामदेवला विचारलं, "राज्याची सीमा म्हणजे काय?"

"सर, आमची म्हैस रोज मध्यप्रदेशात जाऊन पानी पिऊन येते. पन दूध महाराष्ट्रातच देते!"

सरांनी सगळ्यांना हे उत्तर वहीत उतरवून घ्यायला लावलं. नामदेव आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता.

*

भूगोल माझ्या अंगात इतका भिनला, की मराठीच्या पेपरात नदीवरच्या कवितेचं रसग्रहण लिहिताना मी शेवटी नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाणसुद्धा दाखवला! मराठीच्या मॅडमनी पेपर परत देताना म्हटलं, "शालिनी, कवितेतली विरहिणी काही मला भेटली नाही. पण तिच्या गावाची वाट नीट कळली!"

*

प्रात्यक्षिकासाठी मी आमच्याच अड्याळचा तलाव निवडला. तिपाईवर टेबल, टेबलावर कागद आणि बांधाबांधावर लाल-पांढऱ्या काठ्या. तलावाला लागूनच ज्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, ते शेजारचे गोविंदाकाका धावत आले. "काहून वो शालू, तू तं मराठी शिकाले गेली ना? मंग माही बांधी काहून मोजून राहिली?"

"काका, भूगोल पन आहे ना मले!"

काकांना ते पटलं नाही. सरकार नहर, म्हणजे कालवा, काढणार आणि काठी असेल त्या शेतातून नेणार, हे त्यांनी मनाशी धरलं. आम्ही जेवायला बसलो, तेवढ्यात त्यांनी आपल्या बांधीजवळची, तलावाची कड दाखवणारी काठी उपटून पलीकडे भावाच्या धानाच्या बांधीत रोवली!

संध्याकाळी पाहते तर कागदावर काकांची अख्खी बांधी तलावात बुडालेली. मला रडूच आलं. सर म्हणाले, "रडून झालं की पुन्हा मोजू." आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही सगळा तलाव पुन्हा मोजला.

*

परीक्षेच्या दिवशी परीक्षक साहेब म्हणाले, "नकाशा कागदावर नाही, जागेवर तपासतो." प्राचार्यांसकट सगळी वरात जीपमधून अड्याळला. मी तलावाच्या पाळीवर टेबल मांडलं आणि पाहते तर काय, काका स्वतःच काठी छातीशी धरून आपल्या बांधीत उभे! मागच्या वेळच्या उपद्व्यापाने पोरीवर दुसऱ्यांदा राबायची पाळी आली, हे त्यांना कुणीतरी सुनावलं होतं.

साहेबांनी एकेक कोपरा पाहिला. एकेक जुळत गेला. आजही सांगताना छाती फुगते बघा, सगळे जुळले! सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

साहेबांनी काकांना विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बांधीवाला. साहेब, पोट्टीले पास करून टाका बाप्पा! नापास झाली तं पुन्हा माह्याच बांधीत येऊन उभी राहीन!"

साहेब खळखळून हसले. मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी भूगोलाला जास्त मुलं घ्या."

काकांनी काठी आणखी घट्ट धरली. "म्हंजे, पुढच्या सालीही मोजनार?"