आठ तासांचं विमान

शेवंताबाई माझी मोठी आई, म्हणजे आईची थोरली बहीण. मी सगळ्यात जास्त ऋणी तिचा आहे. आई गेल्यावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मोठ्या बाबांनी, मला नागपूरजवळच्या कुहीत वाढवलं, लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी करून शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

बंगळुरू ते नागपूर विमानानं पावणेदोन तास. अंतर नऊशे-साडेनऊशे किलोमीटर. एवढंच. मी तिला आठ तास सांगितले होते.

का? नोकरीच्या पहिल्या वर्षी ती सारखी बोलवायची. रोवणी संपली, ये. कुणाचं बारसं आहे, ये. मला यायचं नसायचं — कुहीची लाज वाटायला लागली होती, हे खरं. एकदा फोनवर बोलून गेलो, विमान फिरून फिरून येतं, आठ तास लागतात. तिनं लगेच मानलं. मी शिकलेला होतो ना? मी परत निघालो की दोन वेळच्या भाकरी बांधून द्यायची. वर शेजारणीला ऐकवायची, "आमच्या पोराचं विमान तुह्या पोराच्या बसवाणी नाही वं, दिवसभर उडते." मी बाजूला उभा राहून — हसायचो.

मागच्या हिवाळ्यात सकाळी सहाला तिचा फोन आला. मोठ्या बाबांची शुद्ध जाते-येते, तुझंच नाव घेतात. आठचं विमान मिळालं. बसतोय, असं तिला कळवलं. पावणेदहाला नागपुरात उतरलो. तिथून कुही सव्वा तास.

मी गेलो नाही.

हा मीच होतो का? मनीषनगरातल्या मित्राच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. तिथं जाऊन खुर्चीत बसलो. फोन बंदच ठेवला — मी विमानात होतो ना? आत्ता घरी पोचलो तर आठ तास खोटे ठरणार. नवीन, थेट विमान सुरू झालं, असं सांगता आलं असतं. सुचलं होतं. पण मग ती दर वेळी बोलवेल — हाही विचार मी केला. तिकडे माणूस माझं नाव घेत असताना.

सव्वापाचला दारात पोचलो. अंगणात माणसं बसलेली. मोठे बाबा दीड वाजता गेले होते.

मोठ्या आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुह्या हातात काय होतं गा? आठ तासाचा रस्ता. मी त्याईले सांगतलं, पोरगं आभाळात हाये, येऊन राहिलं."

तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही.

फोनवर सांगितलं असतं तर मी रडलो असतो, आणि तिनं माझीच समजूत घातली असती. म्हणून गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं. ती अक्षराला अक्षर लावून वाचते.

"मोठी आई,

विमानाले आठ तास नाही लागत. पावणेदोन लागते. पहिल्या वर्षीपासून मी तुले खोटं सांगत आलो. मोठे बाबा गेले त्या दिवशी मी दहाच्या आत नागपुरात होतो. मनीषनगरात एका खोलीत बसून होतो, फोन बंद करून. मले कोणी अडवलं नव्हतं. मोठे बाबा दीडले गेले. मी अकराले घरी पोचलो असतो.

संजय"